अंगणापलीकडचा फोन

न्यू जर्सी किंवा फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात भारतातून आईवडील आले, की एखाद्या शनिवारी त्यांना पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत फिरवून आणायचं, हे जवळपास ठरलेलं असतं. रस्त्यानं टपाटप जाणाऱ्या करड्या रंगाच्या बग्ग्या दिसतात, शेतात जुंपलेली खेचरं दिसतात, घरापासून कोठारापर्यंत ताणलेल्या दोरीवर वाळणारे एकरंगी कपडे दिसतात. परतताना गाडीत बोलणं निघतं, की ही आमिश माणसं विजेशिवाय राहतात कशी आणि आपल्याला हे जमेल का.

या सगळ्यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. घरापासून दूर, शेतरस्त्याच्या टोकाला किंवा कोठाराच्या आडोशाला एक लाकडी खोपटं उभं असतं. लांबून पाहणाऱ्याला तो जुना संडास वाटतो. आत एक फळी असते, फळीवर टेलिफोन, शेजारी वही-पेन्सिल आणि भिंतीवर लिहून ठेवलेले नेहमीचे नंबर. तिथे त्याला शँटी म्हणतात. चारपाच घरांत मिळून अशी एक शँटी असायची.

फोन वापरायचाच होता तर घरात का घेतला नाही? आणि नकोच होता तर शेताच्या कडेला तरी का? पाहुण्यांना यात हमखास ढोंग दिसतं. मला तसं वाटत नाही. एका समाजानं ११० वर्षांहून अधिक काळ धरून ठेवलेला, भांडून, फुटून, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेला एक निर्णय त्या खोपट्यात उभा आहे. तो कसा झाला, त्यानं काय वाचवलं आणि आज तो का डळमळतो आहे, ते इथे मांडतो.

आमिश हे सोळाव्या शतकातल्या युरोपीय धर्मसुधारणेच्या एका शाखेचे वंशज. १५२५ मध्ये झुरिचमधल्या काही जणांनी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नाकारला. माणसानं मोठं झाल्यावर, समजून-उमजून, स्वतःच्या तोंडानं व्रत घ्यावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांतल्या कित्येकांना पाण्यात बुडवून मारलं, कित्येकांना जाळलं. १६९३ मध्ये याकोब अमान या पाळकानं आणखी कडक शिस्तीचा आग्रह धरून वेगळी वाट काढली. त्याच्या नावावरून त्याच्यामागे गेलेले ते आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात आज त्यांची एकही मंडळी उरलेली नाही. अमेरिकेत १९०० च्या सुमारास ते पाच-सहा हजार होते. आज अमेरिका आणि कॅनडा मिळून ४ लाखांच्या घरात आहेत. लँकेस्टर ही त्यांची सर्वांत जुनी टिकून राहिलेली वस्ती, आणि एकट्या तिच्यातच ४० हजारांहून अधिक माणसं आहेत.

फोनचा निर्णय समजायचा तर त्यांचं मंडळ कसं चालतं ते आधी पाहायला हवं. २५ ते ४० कुटुंबांचं एक मंडळ. चर्चची इमारत नाही. एक रविवार सोडून एक रविवार आळीपाळीनं कुणाच्या तरी घरी किंवा कोठारात उपासना होते आणि बाक बग्गीसारख्याच गाडीवर लादून या घरून त्या घरी नेले जातात. पाळक पगारी नसतात, शिकून आलेलेही नसतात. मंडळीतल्याच माणसांतून चिठ्ठी टाकून निवडले जातात. चिठ्ठी गीतपुस्तकात ठेवलेली असते. ज्याच्या पुस्तकात ती निघते, त्याच्या उरलेल्या आयुष्याचं ओझं त्या क्षणी बदलतं. काय चालतं, काय चालत नाही, याचे नियम म्हणजे ऑर्डनुंग. बहुतेक मंडळांत ते छापलेले नसतात, माणसांच्या वागण्यात असतात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणाऱ्या विधीच्या, आधी एक सभा होते. तिथे नियम सांगितले जातात आणि प्रत्येक सभासदाला ते मान्य आहेत का, हे विचारलं जातं. मंडळात तंटा असेल, तर प्रभुभोजन पुढे ढकललं जातं. एकमत होईपर्यंत थांबायचं.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांचा एक शब्द आहे, गेलासनहाइट. मीपणा सोडून देणं, नमतं घेणं, शांतपणे वाट पाहणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं. माझं काय होईल यापेक्षा आपलं काय होईल, हा प्रश्न आधी. नवं यंत्र दारात आलं की ते पापी आहे का, हा त्यांचा प्रश्न नसतो. हे घरात आल्यावर आपण एकमेकांशी कसे वागू लागू, एवढंच ते पाहतात. नाकारण्याची घाई नाही आणि घेण्याचीही नाही. दुसऱ्या कुणाकडे ते काय करतं, हे काही वर्षं बघत राहतात.

आता १९१० च्या सुमाराकडे येऊ.

टेलिफोनचं मूळ पेटंट १८७६ चं. ते १८९३-९४ मध्ये संपलं आणि मग अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच खांब रोवून, तारा ओढून छोट्या छोट्या टेलिफोन मंडळ्या काढल्या. मोठ्या कंपन्यांना दूरच्या शेतवस्तीत रस नव्हता. एकाच तारेवर अनेक घरं जोडलेली असत. प्रत्येक घराची घंटेची खूण वेगळी, कुणाची एक लांब नि दोन तोकड्या, कुणाची तीन लांब. पण घंटा सगळ्यांकडेच ऐकू जायची आणि रिसीव्हर उचलला की दुसऱ्यांचं बोलणंही ऐकता यायचं. लँकेस्टरमधल्या काही आमिश घरांतही असे फोन आले. त्याविरुद्ध तोवर कुठलाच नियम नव्हता. शेजारचा बिगर-आमिश शेतकरी, म्हणजे त्यांच्या बोलीत 'इंग्लिश', जे करत होता तेच त्यांनी केलं.

पुढे काय झालं याची आठवण तिथल्या जुन्या माणसांनी तोंडोतोंडी जपली आहे. दोन बायका फोनवर तिसरीच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होत्या आणि ती तिसरी त्याच तारेवर ऐकत होती. प्रकरण पाळकांपर्यंत गेलं, मंडळीत मोठी कटुता आली. फोनचा उपयोग असाच होणार असेल तर तो घरात नकोच, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं. ज्यांनी घेतला होता त्यांनी काढून टाकला.

ही कथा जशी सांगितली जाते तशीच घडली असेल असं नाही. तोंडी परंपरेत प्रसंग आटोपशीर होत जातो. शिवाय ठरवणारे सगळे पुरुष आणि दोष दोन बायकांच्या जिभेवर, हेही नजरेआड करून चालणार नाही. तरीही कथेनं बोट नेमक्या जागी ठेवलं आहे.

उखाळ्यापाखाळ्या फोनच्या आधीही होत्याच. गोधडी शिवायला दहा बायका एकत्र बसल्या की कुणाचं ना कुणाचं निघणारच. पण तिथे बोलणारीचा चेहरा समोर असतो. चौघी ऐकत असतात, एखादी म्हातारी 'पुरे आता' म्हणते, जिच्याविषयी चाललं आहे ती दारातून आत येऊ शकते. कुणाकडे जायचं तर घोडा जुंपावा लागतो आणि कुणाची बग्गी कुणाच्या अंगणात उभी आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. फोननं हे सगळं काढून घेतलं आणि नुसता आवाज ठेवला. दोघांचं बोलणं मंडळीच्या नजरेआड गेलं आणि तिसऱ्याच्या कानी मात्र पडलं.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. ज्या समाजाला चर्चची इमारत नाही, पगारी पाळक नाही, कचेरी नाही, तो टिकतो कशावर? भेटींवर. आजाऱ्याला भेटायला जाणं, बाळंतिणीकडे जाणं, नव्या जोडप्यानं लग्नानंतर कित्येक शनिवार-रविवार नातेवाइकांकडे मुक्कामाला जाणं, कोठार जळालं तर शेकडो माणसांनी येऊन ते पुन्हा उभं करणं. आवाज पोहोचला की पाय निघत नाहीत, हे त्यांनी फार लवकर ओळखलं. आपल्याला हे कळायला मोबाइल यावा लागला.

निर्णय शांततेत पार पडला असं मात्र नाही. त्याच सुमारास, १९१० मध्ये, लँकेस्टरची मंडळी फुटली. मुख्य वाद फोनचा नव्हता. तो होता मायडुंगचा, म्हणजे व्रत मोडणाऱ्या सभासदाला दूर ठेवण्याच्या प्रथेचा. मराठीत याला जवळचा शब्द 'वाळीत टाकणं'. आणि तो ऐकला की आपल्याला जातपंचायती आठवतात, महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला ते आठवतं. फरक असा, की आमिशांत हे फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यावर, म्हणजे मोठेपणी स्वतः व्रत घेतलेल्यावरच येतं. व्रत न घेता जो बाहेर पडला त्याला लागू होत नाही. पण ज्याच्यावर येतं त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर त्याची थाळी वेगळी होते, आणि ते दुःख कुठल्याही भाषेत तेवढंच असतं. या प्रथेत सौम्यपणा हवा असलेली काही कुटुंबं वेगळी झाली. वेगळी झाल्यावर त्यांनी फोन ठेवला, वीज घेतली, पुढे मोटारही घेतली.

इथून फोनला वेगळाच अर्थ चिकटला. आधी तो बोलण्यातल्या गैरवापराचा प्रश्न होता. आता 'ते' आणि 'आपण' यांच्यामधली खूण झाला. मागे राहिलेल्यांना त्या मंडळीत जे आलं ते आपल्याकडे येऊ द्यायचं नव्हतं. दोनचार वर्षांत कदाचित निवळला असता तो नियम फुटीमुळे घट्ट झाला, असं मला वाटतं. समाजाचे निर्णय नुसत्या विचारानं होत नाहीत, जखमेनंही होतात.

तरीही फोन वापरायला बंदी कधीच नव्हती. शेजारच्या इंग्लिश घरी जाऊन डॉक्टरला फोन करणं, दुकानातल्या फोनवरून बोलणं चालत होतं. बंदी होती ती घरात ठेवण्यावर. वापर आणि मालकी यांच्यात त्यांनी जी रेघ ओढली, तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. मोटारीचंही तसंच. स्वतःची मोटार घ्यायची नाही. गरजेला भाड्यानं चालकासकट घेता येते. मोटार दारात असली की माणूस मनात येईल तिथे, मनात येईल तेव्हा निघतो. भाड्यानं घ्यायची तर आधी ठरवावी लागते, पैसे मोजावे लागतात, जमलं तर आणखी दोघांना सोबत घ्यावं लागतं. लँकेस्टरमध्ये सायकलसुद्धा चालत नाही. पायानं ढकलायची स्कूटर चालते, कारण तिच्यावर माणूस फार लांब जात नाही.

१९३० च्या दशकात काही कुटुंबं पाळकांकडे गेली. आग लागली, कुणी अत्यवस्थ झालं, तर दर वेळी इंग्लिश शेजाऱ्याचं दार किती ठोठवायचं? आम्हाला मिळून एक फोन ठेवू द्या. परवानगी मिळाली. फोन घरात नाही, कुणा एकाचा नाही, अनेक घरांचा मिळून. पुढच्या काही दशकांत तो हळूहळू पसरला आणि शेतरस्त्याच्या टोकाला ती खोपटी उभी राहिली. नंबर टेलिफोनच्या यादीत छापायचा नाही. बोलणं कामापुरतं. कुणी किती फोन केले ते वहीत लिहायचं आणि बिल वाटून घ्यायचं.

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी वाचकाला यात आपला 'पीपी नंबर' आठवेल. लग्नपत्रिकेवर, अर्जावर शेजाऱ्याचा नंबर आणि पुढे कंसात पीपी. शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आपण भिजल्या हातांनी धावायचो. आपल्याकडे ते प्रतीक्षायादीमुळे होतं. फोन दारात आल्याबरोबर आपण शेजारच्या काकूंकडे जायचं सोडलं. आमिशांच्या दारात फोन कधीही येऊ शकत होता. त्यांनी तो ठरवून अंगणापलीकडे ठेवला.

अंतर एवढंच, पण त्यानं फोनचा स्वभाव बदलला. खोपट्यातली घंटा स्वयंपाकघरात ऐकू येत नाही. जेवताना, प्रार्थनेच्या वेळी, आई मुलाला झोपवत असताना फोन हाक मारू शकत नाही. बोलायचं असेल तर आपणच उठून जायचं, थंडीत, पावसात, खोपट्यात उभं राहून. बाहेर शेजारी थांबलेला असू शकतो. अशा ठिकाणी तास तासभर कुणी बोलत नाही. फोनवर ताबा ठेवायला कुणी पहारा बसवला नाही. फक्त त्याची जागा बदलली. हे मला या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

घरच्या बातम्या मग कशा कळायच्या? पत्रांनी. ओहायोतल्या शुगरक्रीकहून १८९० पासून 'द बजेट' नावाचं साप्ताहिक निघतं. गावोगावचे आमिश आणि त्यांच्याच मुळातून आलेल्या मेनोनाइट पंथाचे लेखक त्यात आपल्या वस्तीची खबर लिहितात: पाऊस किती झाला, उपासना कुणाकडे होती, कोण पाहुणे आले, कोण शिडीवरून पडलं. १९७५ पासून 'डी बोटशाफ्ट' हे तसंच दुसरं पत्र आहे. फोनवर बातमी एकाच्या कानात जाते; या पत्रांत तीच बातमी सगळ्यांसमोर नावानिशी लिहावी लागते. तिसरीविषयी काही लिहायचं तर ती वाचणार आहे, हे धरूनच लिहायचं.

विजेचा निर्णयही याच रांगेतला. १९२० च्या आसपास लँकेस्टरच्या पाळकांनी सार्वजनिक वीजवाहिनीची तार घरात घ्यायची नाही, असं ठरवलं. मोटारीच्या बॅटरीसारख्या १२ व्होल्टच्या बॅटरीला हरकत घेतली नाही. वीज हा पदार्थच वाईट, असं त्यांचं म्हणणं असतं तर बॅटरीही गेली असती. त्यांची हरकत तारेला होती. तार म्हणजे बाहेरच्या जगाशी कायमची गाठ. तिच्यावरून आज दिवा येईल, उद्या काय येईल ते आपल्या हातात राहणार नाही. रेडिओ आणि टीव्ही त्या तारेवरून पुढे शेजाऱ्यांच्या घरांत आले, तेव्हा आपला अंदाज चुकला नव्हता, याची त्यांना खात्री पटली.

तारेशिवाय मग किती काय करता येतं, यात त्यांनी थक्क करणारी कल्पकता दाखवली. डिझेल इंजिनावर हवा दाबून मोठ्या टाकीत भरायची आणि नळांतून खेळवायची. त्या हवेवर करवती चालतात, रंधे चालतात, पाण्याचे पंप चालतात, स्वयंपाकघरातलं मिक्सरही चालतं. फ्रीज प्रोपेन गॅसवर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दूधखरेदी करणाऱ्यांनी अट घातली, की दूध कॅनमधून चालणार नाही, थंड केलेल्या मोठ्या टाकीत हवं आणि ते ठरावीक वेळानं ढवळलं गेलं पाहिजे. हे मान्य केलं नाही तर दुधाचा धंदा गेला. विजेची तार घेतली तर नियम गेला. पाळक आणि डेअरीवाले एकत्र बसले. टाकी डिझेलवर थंड करायची, ढवळणी १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरवायची, यावर तडजोड झाली. आणि पाळकांनीही आपली अट घातली, की रविवारी दूध न्यायला गाडी येणार नाही. यंत्र घेतलं, पण रविवार दिला नाही. या समाजाच्या वाटाघाटीचा नमुना हवा असेल तर मी हाच प्रसंग पुढे करीन.

औषधोपचारांतही हेच दिसतं. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या या समाजात काही दुर्मीळ आनुवंशिक आजार जास्त आढळतात. लँकेस्टर काउंटीतल्या स्ट्रासबर्गजवळ १९८९ मध्ये डॉ. होम्स मॉर्टन यांनी अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्याची लाकडी इमारत आमिश आणि मेनोनाइट माणसांनी कोठार उभारतात तशी एकत्र येऊन उभी केली आणि खर्चासाठी ते आजही गोधड्यांचे, फर्निचरचे लिलाव भरवतात. दवाखान्यात जनुकांची तपासणी करणारी आधुनिक यंत्रं आहेत. आपल्या बाळाचं रक्त त्या यंत्रात घालायला कुणाची ना नाही. यंत्र दवाखान्यात आहे, त्याच्या जागी आहे.

मग खोपटं डळमळलं कशानं? फोनच्या आधी, जमिनीनं. दर वीस वर्षांनी समाज जवळपास दुप्पट होतो. लँकेस्टरची जमीन दुप्पट होत नाही. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांजवळ असल्यानं तिचे भाव शेतकऱ्याच्या मुलाच्या हाताबाहेर गेले. १९७०-८० पासून तरुण पुरुष सुतारकाम, बांधकाम, फर्निचर, बग्ग्या नि तयार शेड बनवण्याकडे वळले. गाईला फोन लागत नाही, गिऱ्हाइकाला लागतो. लाकूड मागवायचं, भाव विचारायचा, माल कधी पोहोचेल ते सांगायचं. शेतरस्त्याच्या टोकाचं खोपटं कारखान्याच्या भिंतीला येऊन टेकलं, काही ठिकाणी कारखान्याच्या आतही आलं. आन्सरिंग मशीन आलं, मग व्हॉइसमेल. पण यातही मूळ रेघ शाबूत होती. निरोप तिथे साठून राहतो, सकाळी जाऊन ऐकायचा आणि सोयीनं उलटा फोन करायचा. घरात अजूनही शांतता होती.

मोबाइलनं ती रेघच पुसली. १९१० आणि १९२० चे दोन्ही निर्णय तारेवर बेतलेले होते. तार डोळ्यांना दिसते. खांबावरून येते, भिंतीत शिरते, कापता येते. कुणी घेतली तर शेजाऱ्याला कळतं. मोबाइलला तार नाही, खांब नाही. ती करडी बग्गी ज्या अंगणात उभी राहायची ते अंगणही नाही. खिशातल्या फोनचा कुणाला पत्ता लागत नाही. अंतराचं शहाणपण अशा वस्तूला लावायचं कसं, जी मुळात अंतर नाहीसं करण्यासाठीच घडवली आहे?

प्रत्येक मंडळ याला आपापल्या परीनं तोंड देत आहे. कुठे बांधकामाच्या मुकादमाला साधा फोन चालतो, पण तो संध्याकाळी घरी न्यायचा नाही. कुठे फोन इंग्लिश चालकाच्या गाडीतच राहतो. काही वस्त्यांत मोबाइलचं नेटवर्क वापरणारा, पण दिसायला नि वापरायला टेबलावरच्या फोनसारखा असलेला डबा निघाला आहे. तो खिशात मावत नाही, हाच त्याचा गुण. इंटरनेट, खेळ, चित्रपट यांतलं काहीच नसलेले, नुसता हिशेब आणि टायपिंग करणारे संगणक खास या समाजांसाठी बनतात. धंद्याची वेबसाइट बाहेरचा माणूस चालवतो आणि मागण्या कागदावर आणून देतो. सोळा ते विशी-बाविशीतल्या, अजून बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलांच्या हातात मात्र स्मार्टफोन सर्रास दिसतो. पूर्वी या वयातली मुलं बग्गीत रेडिओ लपवायची. व्रत घेताना तो टाकून द्यायची. रेडिओ टाकणं आणि अख्खं मित्रमंडळ ज्यात आहे तो फोन टाकणं, यांत फार फरक आहे.

अंतराची किंमतही सांगायलाच हवी. २ ऑक्टोबर २००६ ला लँकेस्टरमधल्या निकेल माइन्स इथल्या एका खोलीच्या आमिश शाळेत एक माणूस बंदूक घेऊन शिरला. शाळेत फोन नव्हता. शिक्षिका निसटून शेजारच्या शेतावर धावत गेली आणि तिथून मदतीचा फोन झाला. पोलीस काही मिनिटांत पोहोचले. दहा मुलींना गोळ्या लागल्या. त्यांतल्या पाच गेल्या. फोन शाळेतच असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि त्या आईवडिलांच्या वतीनं मी ते बोलणारही नाही. त्यांनी त्याच दिवसांत मारेकऱ्याच्या बायकोच्या घरी जाऊन तिचं सांत्वन केलं, हे जगानं पाहिलं.

दुसरी किंमत कमी दिसते. घरातच अत्याचार होत असेल, तर त्या बाईला किंवा मुलीला फोन अंगणापलीकडे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असणं म्हणजे काय? भेटींवर, नजरेवर, क्षमेवर उभा असलेला समाज बोलू पाहणाऱ्या एकटीला फार सहज गप्प करू शकतो. गुन्हेगारानं मंडळीपुढे गुडघे टेकून कबुली दिली, की विषय संपला, असं मानलं गेल्याची प्रकरणं अमेरिकेतल्या न्यायालयांत आली आहेत. खोपट्यातला फोन उखाळ्यापाखाळ्या थांबवतो. त्याच न्यायानं तो हाकही थांबवू शकतो. या समाजाविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आणि तरीही पुढे मोठी झालेली मुलं बहुतेक तिथेच राहतात. दहातली साधारण साडेआठ-नऊ बाप्तिस्मा घेतात. कुणाला घरच्यांपासून तुटायची भीती असेल, कुणाला बाहेरच्या शिक्षणाअभावी दुसरी वाट दिसत नसेल. आठवीनंतर शाळा थांबवण्याचा त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये मान्य केला, त्याचीही ही दुसरी बाजू. पण केवळ भीतीनं इतकी माणसं इतक्या पिढ्या राहत नाहीत. आजारी पडल्यावर दारात किती बग्ग्या उभ्या राहतात, हे त्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं.

लँकेस्टरचे बिशप, म्हणजे मंडळांचे मुख्य पाळक, आजही वर्षातून दोनदा एकत्र बसतात आणि मोबाइल हा विषय सुटलेला नाही. त्यानंतर मंडळांमध्ये प्रभुभोजनाआधीच्या सभा होतात. कुणाच्या तरी घरात किंवा कोठारात बाक मांडलेले असतात, नियम सांगून होतात आणि मग सभासदांकडे, पुरुषांकडे आणि बायकांकडे, एकेक करून विचारणा जाते: हे मान्य आहे का, मंडळीशी तुझा सलोखा आहे का. ज्याच्या कोटाच्या आतल्या खिशात फोन आहे, त्यालाही तिथे, सगळ्यांसमोर, उत्तर द्यावं लागतं.